कारंज्याचे अडीच फुटी स्टेशन

वाशीम जिल्ह्याच्या नकाशात रेल्वेच्या दोन रेषा दिसतात. एक अकोल्याहून दक्षिणेस वाशीमवरून हिंगोली-पूर्णेकडे जाते. पूर्वी ती मीटरगेज होती. आता ब्रॉडगेज झाली असून तिच्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात. दुसरी रेषा जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात मूर्तिजापूरकडून उतरते, कारंजा लाड या गावाला स्पर्श करते आणि दारव्हा-यवतमाळकडे निघून जाते. अनेक नकाशांत ती अजून छापली जाते. गाडी मात्र तिच्यावर येत नाही.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि कारंजा तालुका नव्या जिल्ह्यात आला. त्या काळात एखाद्याने कारंज्याहून आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वेनेच जाण्याचा हट्ट धरला असता, तर त्याला प्रथम अडीच फुटी नॅरोगेजने मूर्तिजापूर, तेथून ब्रॉडगेजने अकोला आणि अकोल्याहून मीटरगेजने वाशीम असा प्रवास करावा लागला असता. एका जिल्ह्यातल्या दोन गावांसाठी तीन मापांचे रूळ! असा हट्ट कोणी धरीत नसे, कारण एस. टी. होती. परंतु कारंज्याच्या स्टेशनची सारी हकीकत या तीन मापांमध्ये सामावलेली आहे.

कारंजा हे रेल्वेने वसवलेले गाव नव्हे. बडनेरा किंवा भुसावळ यांचा विस्तार रुळांमुळे झाला. कारंजा त्याच्या कितीतरी शतके आधी नांदते होते. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्त येथे येतात. जैन परंपरेत सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन शाखांची भट्टारकपीठे व मंदिरे एकाच गावात असण्याचा मान कारंज्याला आहे. सतराव्या शतकात दक्षिणेची यात्रा करणाऱ्या शीलविजय या श्वेतांबर मुनींनी आपल्या तीर्थमालेत येथील संघवी घराण्याच्या वैभवाचे आणि दानधर्माचे वर्णन केले आहे. गावाच्या चार वेशींची नावे दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ. दिल्ली अंमळ लांबची, पण बाकीची तीन नावे म्हणजे बैलगाडीने माल येण्याच्या व जाण्याच्या वाटा होत. बघेरवाल, लाड आणि इतर व्यापारी घराणी या वाटांच्या भरवशावर येथे स्थिरावली.

या गावाची अर्थशास्त्राच्या इतिहासातही एक जागा आहे, आणि ती स्थानिक मंडळींनाही फारशी ठाऊक नसते. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात ‘नियंत्रित बाजारपेठा’ या प्रकरणाचा आरंभ बहुधा एकाच वाक्याने होतो: भारतातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे सुरू झाला. विद्यार्थी ते वाक्य पाठ करतात आणि पुढे सरकतात. वऱ्हाड तेव्हा निजामाचे असले, तरी १८५३ च्या करारापासून त्याचा कारभार इंग्रजांकडे होता आणि हैदराबादचा रेसिडेंट तो पाहत असे. त्याच्या आदेशाने खरेदी-विक्रीसाठी ठरलेली जागा, परवानाधारक दलाल व मापारी, आणि ठरलेली कपात ही व्यवस्था अस्तित्वात आली. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला आणि ही पद्धत सर्व वऱ्हाडात पसरली. पुढे १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजार स्थापण्याची शिफारस केली, तेव्हा त्याच्यासमोर नमुना वऱ्हाडचाच होता. आज गावोगाव ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या दिसतात, त्यांची वंशावळ अशी कारंज्याला पोहोचते.

या सुधारणेमागे शेतकऱ्याविषयीचा कळवळा किती आणि गिरण्यांना निर्भेळ, एकसारखा कापूस मिळावा ही निकड किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. निकडच मोठी असावी, कारण १८९७ च्या कायद्याने नेमायच्या समितीत शेतकऱ्याच्या प्रतिनिधीची तरतूद नव्हती. तरीही परिणाम चांगला झाला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत, वजनातील सूट, नमुन्याच्या नावाने उचललेली मूठ, धर्मादायाच्या नावाने होणारी कपात यांना हळूहळू आळा बसला. धर्मादायातून पांजरपोळ आणि पाणपोया उभ्या राहिल्या हे नाकारता येत नाही. पण शेतकऱ्याच्या मापातून कापलेले दान व्यापाऱ्याच्या नावे जमा व्हावे हा हिशेब काही सरळ नव्हता. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत कमी-अधिक माप वापरणे हा एक अतिचार सांगितला आहे. रेसिडेंटसाहेबाला त्याची कल्पना असण्याचे कारण नाही, परंतु त्याचा आदेश आणि श्रावकाचा आचार या बाबतीत एकाच दिशेला होते.

बाजार असा अग्रेसर होता, पण वाहतूक मात्र बैलांच्या खांद्यावर होती. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा १८६७ साली नागपूरला पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तेथील कापूस बंद पडून वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीची चव चाखलेल्या सरकारने मुख्य मार्गापासून बाजूला राहिलेल्या दोन मोठ्या कापूसपेठांना लगेच फाटे दिले. जलंबहून खामगावला १८७० मध्ये आणि बडनेऱ्याहून अमरावतीला १८७१ मध्ये गाडी गेली. कारंजा मात्र राहिले. मूर्तिजापूरपासून ते तीस-पस्तीस किलोमीटर आत. भरलेली बैलगाडी तासाला एक कोस चालली तरी जाण्यात एक पूर्ण दिवस आणि परत येण्यात दुसरा दिवस मोडे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुतले की दिवसांची मोजणीच थांबे. चाळीसएक वर्षे हीच स्थिती होती. देशातला पहिला नियंत्रित बाजार असलेले गाव जिल्ह्याच्या रस्त्यावरच्या चिखलाच्या अधीन होते.

‘लाइट रेल्वे’ या कल्पनेने हा प्रश्न सोडवला. मोठ्या मापाचा रूळ टाकण्यास जमीन, पूल, भराव, लोखंड सारेच अधिक लागते. आतल्या भागातील थोड्या मालासाठी तो खर्च निघत नाही. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शीच्या रेल्वेवर हे दाखवून दिले होते की, अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या हलक्या रुळांवर, वजन अनेक चाकांवर विभागून, पुष्कळ माल स्वस्तात नेता येतो. कुर्डुवाडी-बार्शी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. त्याच मापाची रेल्वे वऱ्हाडात आणण्याचे काम मुंबईतील किलिक, निक्सन आणि कंपनी या व्यापारी पेढीने हाती घेतले. १९१० साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’ स्थापन झाली. वऱ्हाड तोवर मध्य प्रांताला जोडले गेले होते, म्हणून हे नाव. पुढील काही वर्षांत मूर्तिजापूर मध्यभागी ठेवून दोन बाजूंना दोन फाटे टाकण्यात आले. एक उत्तरेस अचलपूरला सुमारे ७६ किलोमीटर, दुसरा दक्षिण-पूर्वेस कारंजा, दारव्हा मोतीबाग, लाडखेड यांवरून यवतमाळला सुमारे ११३ किलोमीटर. पुलगाव-आर्वी हा वर्ध्याकडचा लहान मार्गही याच कंपनीचा. लोकांनी पुढे या गाडीचे नाव ‘शकुंतला’ ठेवले आणि तेच सर्वतोमुखी झाले.

किलिक निक्सनच्या छत्राखाली अशा आणखीही कंपन्या होत्या. दौंड-बारामती, पाचोरा-जामनेर, तापी खोऱ्यातील सुरत-अमळनेर हे त्यांतले काही मार्ग. या सर्वांमागची आर्थिक रचना व्यापारी वाचकाने समजून घेण्यासारखी आहे, कारण कारंज्याच्या स्टेशनचे पुढे जे झाले त्याचे मूळ तेथेच आहे. कंपनीने भागभांडवल उभारायचे, मार्ग बांधायचा आणि त्याची मालक व्हायचे. गाड्या चालवायच्या मुख्य मार्गाच्या रेल्वेने, म्हणजे येथे जी. आय. पी. ने. तिचे इंजिन चालक, तिचे स्टेशनमास्तर, तिची तिकिटे. उत्पन्नातील करारात ठरलेला हिस्सा चालवणाऱ्याने ठेवायचा आणि उरलेला मालक कंपनीला द्यायचा. कंपनी त्यातून भागधारकांना लाभांश देई. सरकारने अशा फाट्यांना जमिनीच्या व उत्पन्नाच्या सवलती देऊन भांडवल आकर्षित केले होते आणि ठरावीक मुदतीनंतर मार्ग विकत घेण्याचा पर्याय अशा करारांत स्वतःकडे राखून ठेवलेला असे.

आरंभी ही रचना सर्वांच्या सोयीची ठरली. हंगामात जिनिंग-प्रेसिंगची धुराडी पेटली की स्टेशनाकडे जाणारी वाट गजबजे. शंभर क्विंटल कापूस सरकीसकट आला की त्यातून चौतीसएक क्विंटल रुई निघते, आजच्या मापाने १७० किलोच्या वीस गाठी. तेव्हाची गाठ ३९२ पौंडांची, आणि मुंबईचा भाव खंडीवर, म्हणजे अशा दोन गाठींवर. रुई दाबून गाठी बांधल्यावर जागा कमी लागते आणि वजन जास्त बसते. अडीच फुटी गाडीला असाच माल परवडणारा. उलट्या बाजूने मीठ, किराणा, कापड, रॉकेल, यंत्राचे सुटे भाग येत. मूर्तिजापूरला मात्र प्रत्येक गाठ हमालाच्या पाठीवरून लहान डब्यातून मोठ्या डब्यात चढवावी लागे. मापाच्या फरकाचा हा दंड पहिल्या दिवसापासून होता. बैलगाडीशी तुलना होती तोवर तो कोणाला जाणवला नाही.

शकुंतलेविषयी लिहिताना ‘कापूस मँचेस्टरला जाई’ असे एक वाक्य नेहमी लिहिले जाते. त्यात योगायोगाची गंमत आहे, कारण या मार्गावर १९२३ पासून सत्तर वर्षे राबलेले वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच बांधलेले होते. परंतु कापसाच्या बाबतीत ते वाक्य जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. अमरावतीच्या नावावरून जगाच्या बाजारात त्याला ‘उमरा’ म्हणत. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा लांब धागा प्रिय होता, आणि अमेरिकेचा माल अडला की त्यांना उमराची आठवण होई. रेल्वे कारंज्याला पोहोचली तेव्हा वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईच्या गिरण्यांकडे, जपानकडे आणि युरोप खंडातील देशांकडे जात होता. रॅली, व्होलकार्ट अशा परदेशी पेढ्यांच्या खरेदीदारांबरोबर देशी अडते आणि गिरणीमालकांचे दलालही विदर्भाच्या बाजारांत उभे असत. कारंज्याच्या व्यापाऱ्याला परकीयांचा केवळ हस्तक मानण्याचे कारण नाही. तो आपल्या हिशेबाने, आपल्या जोखमीवर व्यापार करीत होता.

रेल्वेने केवळ गाठी वाहिल्या असे नाही. १९१८ साली कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल स्थापन झाले. त्याचे संस्थापक ब्रह्मचारी देवचंद हेच पुढे समंतभद्र महाराज म्हणून विख्यात झाले आणि त्यांनीच कुंभोज-बाहुबली येथील गुरुकुलही घडवले. दूरच्या गावांची मुले येथे शिकण्यास येऊ लागली तेव्हा गाव रुळाने देशाशी जोडलेले होते. याच काळात येथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांकडे विद्वानांचे लक्ष गेले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी या भांडारांतील अपभ्रंश पोथ्यांचे महत्त्व ओळखले. पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’ची डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेली आवृत्ती १९३१ मध्ये कारंज्याच्या ग्रंथमालेत निघाली. मागोमाग ‘सावयधम्मदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘पाहुडदोहा’, ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ डॉ. जैन यांच्या संपादनाने चारएक वर्षांत बाहेर आले. मराठी व हिंदीच्या पूर्वजभाषेचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या विद्यापीठांत ‘कारंजा’ हे नाव या पुस्तकांच्या मुखपृष्ठामुळे माहीत झाले. या मालेचा खर्च येथील चवरे घराण्यासारख्या श्रावकांनी उचलला. रुईच्या व्यापारात मिळालेला पैसा हजार वर्षांपूर्वीच्या कवीला छापण्यासाठी खर्च झाला, हे वऱ्हाडातल्या कापूसपेठांत तरी विरळाच.

यात्रेकरूंनाही ही गाडी सोयीची होती. कारंज्याहून मूर्तिजापूर, तेथे फलाट बदलून दुसरी शकुंतला, आणि तीच शेवटी अचलपूरला उतरवी. मुक्तागिरी सिद्धक्षेत्र तेथून जवळ. म्हणजे एका कंपनीच्या दोन फाट्यांनी तीन भट्टारकपीठांचे गाव आणि सातपुड्याच्या कुशीतले तीर्थ यांना जोडले होते. किलिक निक्सनच्या संचालकांनी आराखडा काढताना याचा विचार केला नसणार.

आता ताळेबंदाची दुसरी बाजू. १९२५ मध्ये सरकारने जी. आय. पी. चा कारभार स्वतःकडे घेतला. १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली. चालवणारे सरकारी झाले, पण मार्गाची मालकी कंपनीकडे तशीच राहिली. बार्शी लाइट रेल्वे सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी विकत घेतली. मूर्तिजापूरच्या दोन्ही फाट्यांबाबत तसे झाले नाही. ‘राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सरकार शकुंतलेला विसरले’ अशी एक लोककथा आहे. ती ऐकायला गोड आहे, पण रेल्वे बोर्ड दर वर्षी ज्या कंपनीच्या खात्यात हिस्सा जमा करते तिला विसरू शकत नाही. विकत घेतल्यास किंमत द्यावी लागली असती आणि दुरुस्तीचा भारही अंगावर आला असता. न घेणे हाही एक निर्णयच होता.

दुसरी लोककथा अशी की शकुंतलेचे भाडे अखेरपर्यंत लंडनला जात होते. किलिक निक्सन ही स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकीची झाली. पैसे कोठे गेले हा या मार्गाच्या बाबतीत दुय्यम प्रश्न आहे. पैसे कोठे गेले नाहीत, हा खरा प्रश्न. ते रुळांत गेले नाहीत. जुन्या पागडीच्या घरात राहिलेल्या प्रत्येक व्यापारी कुटुंबाला हे समजावून सांगावे लागणार नाही. मालक म्हणतो, भाडे इतके तुटपुंजे, मी छपराला हात कशाला लावू? भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही, मी पैसे कशाला घालू? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बिनतोड असते आणि पाऊस दोघांच्या मधोमध गळतो. कारंज्याच्या मार्गावर हा पाऊस अर्धशतक गळत होता. स्लीपर कुजले, पूल अशक्त झाले, वेगावर बंधने आली. वेग घटला म्हणून प्रवासी घटले, प्रवासी घटले म्हणून उत्पन्न घटले आणि उत्पन्न नाही म्हणून दुरुस्ती नाही. बँकेच्या भाषेत ज्या खात्यात घसारा लिहिला जातो पण नवी मालमत्ता कधी येत नाही, त्याचा शेवट काय हे सांगण्यास तपासनीस लागत नाही.

मालाचा ओघही दरम्यान बदलला. ट्रक आला. तो कारंज्याच्या प्रेसमधून गाठ उचलून गिरणीच्या दारात टाकी. मूर्तिजापूरची उतराई-चढाई वाचली, आणि १९१० च्या दशकात न जाणवलेला मापाचा दंड आता प्रत्येक गाठीवर मोजता येऊ लागला. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याच्या कापसाचा एकमेव खरेदीदार सरकार झाले आणि खासगी व्यापाऱ्याच्या हातातून कच्च्या कापसाचा व्यवहारच गेला. ज्या बाजाराने १८८६ मध्ये देशाला नियम शिकवले, त्या बाजारातील पेढ्यांना धान्य, डाळी, तेलबिया यांकडे वळावे लागले. पुढे सोयाबीनने वऱ्हाडाची शेतीच पालटली. शकुंतलेकडे उरले ते प्रवासी, आणि तेही बहुतेक गरीब: शेतमजूर, भाजी विकणाऱ्या बाया, शाळेची मुले, तिकिटातले दोन रुपये वाचवणे ज्यांना भाग होते असे लोक.

१५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि डिझेल आले. पण रूळ तेच राहिले, त्यामुळे नवे इंजिन जुन्याच चालीने चाले. दिवसातून एक गाडी. मोजकी माणसे सारी कामे करीत: तिकीट फाडणे, सिग्नल पाडणे, इंजिन जोडणे-सोडणे. एखाद्या दुकानात मालकच गल्ल्यावर, मालकच मापावर आणि मालकच झाडू घेऊन असावा, तशी ही रेल्वे चालत होती. वर्तमानपत्रांनी त्यात काव्य पाहिले. रोज प्रवास करणाऱ्यांना त्यात उशीर दिसत असे. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात प्रथम यवतमाळचा आणि मग अचलपूरचा फाटा थांबला. तत्पूर्वी २०१६ च्या सुमारास ब्रॉडगेज रूपांतराची घोषणा झाली होती. त्यामुळे अनेकांनी हे थांबणे तात्पुरते समजून घेतले.

याच कुटुंबातील इतर मार्गांचे काय झाले हे पाहिले की फरक स्पष्ट होतो. दौंड-बारामती ब्रॉडगेज झाली. बार्शीची रेल्वे, जी वेळेवर विकत घेतली गेली होती, ती मिरजेपासून लातूरपर्यंत टप्प्याटप्प्याने रुंद झाली आणि आज लातूरहून मुंबईला थेट गाडी सुटते. बार्शीलाही एके काळी कारंज्यासारखीच सरकी आणि रुई अडीच फुटी डब्यातून बाहेर जात असे. मालकी एका हाती आली तेथे कोणीतरी खर्चाचा निर्णय घेऊ शकले.

कारंज्याच्या दृष्टीने आता एक नवी अडचण उभी आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचे काम चालू आहे. त्यातील वर्धा-कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तो मार्ग यवतमाळ आणि दारव्ह्यावरून पुसदकडे जाणार. म्हणजे शकुंतलेच्या दक्षिण फाट्यावरील दोन मोठ्या गावांना दुसरी रेल्वे मिळते. यवतमाळकर आजवर निवेदनांत, मोर्चांत कारंजेकरांच्या बरोबर होते. त्यांची निकड संपली की मागणीचा आवाज अर्धा होईल, आणि उरलेला अर्धा मुख्यतः कारंज्याचा असेल. मूर्तिजापूर आणि अचलपूर आपल्या उत्तर फाट्यासाठी बोलतील. रूपांतराची योजना तुकड्यातुकड्याने मंजूर होऊ लागली, तर कारंज्याचा तुकडा शेवटी राहण्याचा धोका खरा आहे.

‘समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो, मग रेल्वे कशाला?’ असे तरुण व्यापारी विचारतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून कारंज्याहून नागपूर आणि संभाजीनगर खरोखरच जवळ आले आहे. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला आणि ज्याच्या मालाला घाई आहे त्याला हा महामार्ग पुरेसा वाटेल. पण सोयाबीनची ढेप, तूर, हरभरा, सिमेंट, खत हा जड आणि कमी किमतीचा माल किलोमीटरमागे पैशांत मोजला जातो. त्याला रेल्वेचा रेक परवडतो, आणि तो रेक आज मूर्तिजापूरला किंवा वाशीमला भरावा लागतो. पथकर भरणे परवडत नाही असा प्रवासीही तालुक्यात कमी नाही. रेल्वेचे सर्वेक्षण करणारे अधिकारी परताव्याचा दर काढतात आणि तो दर कमी आला की फाइल बंद होते. त्या दराच्या गणितात आजची वाहतूक धरतात. गाडीच नसलेल्या मार्गावर आजची वाहतूक शून्य असते. १९१० मध्ये किलिक निक्सनच्या हिशेबनीसांनी अशी चूक केली नाही. त्यांनी बाजाराच्या आवारात उभ्या असलेल्या बैलगाड्या मोजल्या असाव्यात.

एक गोष्ट मात्र अजून हातात आहे. रुळांची पट्टी सलग आहे. मूर्तिजापूरपासून कारंज्यापर्यंत जमीन संपादनाचा खर्च आणि त्यातले वर्षानुवर्षांचे खटले, जे नव्या मार्गाला सर्वांत जास्त रखडवतात, ते येथे तुलनेने कमी आहेत. ब्रॉडगेजला वळणे सौम्य लागतात, भराव रुंद लागतो, म्हणून काही जमीन वाढीव घ्यावी लागेलच. तरी शंभर वर्षांपूर्वी मिळवलेला हा पट्टा या प्रकल्पाचे सर्वांत मोठे भांडवल आहे. अशा मोकळ्या पट्ट्यावर आधी टपरी येते, मग गोदाम, मग त्या गोदामाचा सात-बारा. बाजार समिती, व्यापारी संघ आणि नगरपरिषद यांनी रूपांतराच्या मागणीबरोबर या पट्ट्याची मोजणी करून हद्दीचे दगड रोवण्याची मागणी लेखी करावी, असे गावातील जाणती मंडळी म्हणतात. तोवर कारंज्याहून मुंबईला निघालेला प्रवासी दिल्ली वेशीच्या बाजूने बस पकडतो, तासाभरात मूर्तिजापूरला उतरतो आणि मोठ्या गाडीच्या फलाटाकडे जातो. लहान गाडीचा फलाट त्याच स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला आहे.